फक्त सायकलींसाठी

चंद्रभागामावशी सायकल शिकली तेव्हा तिची थोरली मुलगी लग्न होऊन सासरी गेलेली होती. म्हणजे वय काय असेल ते तुम्हीच ठरवा. तिला ते सांगता येत नसे. विचारलं की म्हणायची, खाडीवरचा पूल झाला तेव्हा मी रांगत होते. कुठला पूल, हे पुढे विचारायची सोय नव्हती, कारण तेवढ्यात ती तुमच्या पिशवीत चार बोंबील जास्तीचे टाकून मोकळी झालेली असे.

ठाण्यात खाडीच्या अंगाला एक कोळीवाडा आहे आणि कोळीवाडा नि मोठा रस्ता यांच्या मधोमध आमचं कॉलेज. मी तिथे ऑफिसात टायपिस्ट होते. पूर्वी त्या जागी सगळं भरतीचं पाणी शिरणारं खाजण होतं आणि खाजणातून जाणारा एक बांध. कोळणी टोपल्या डोक्यावर घेऊन त्या बांधावरून बाजार गाठायच्या. मग कॉलेज आलं, भराव पडला, बांधाचा डांबरी रस्ता झाला, आणि कॉलेजने भिंत घातली तेव्हा तो रस्ता सगळाच्या सगळा भिंतीच्या आत गेला. एका टोकाला कॉलेजचं मोठं गेट, दुसऱ्या टोकाला कोळीवाड्याकडचं लहान गेट. तुम्ही खुशाल या-जा करा, असं संस्थेने तेव्हा तोंडी सांगितलं आणि कोळीवाड्याचे पाटील दामाजी यांनी ते खरं मानलं. कोणी अडवलंही नाही. सकाळी मासळीचा टेम्पो आत यायचा नि टोपल्या भरून जायचा, अडीनडीला रिक्षा थेट दारापर्यंत जायची.

सत्त्याऐंशी साली लायब्ररीसमोर एका दांडगट पोराने मोटरसायकल हाणली आणि डोंबिवलीहून येणारी एक मुलगी तिच्याखाली सापडली. पाय मोडला, वर्ष बुडालं. आमचे प्राचार्य सुधीर गुप्ते हे स्वतः नौपाड्यातून सायकलवर यायचे, पँटच्या पायाला क्लिप लावून. त्या मुलीला बघायला ते हॉस्पिटलात गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. पंधरा दिवसांत मोठ्या गेटवर निळा बोर्ड लागला, ‘फक्त सायकलींसाठी’. मोटरसायकल नाही, स्कूटर नाही, गाडी नाही. संस्थेच्या अध्यक्षांची ॲम्बॅसिडरसुद्धा सरांनी गेटबाहेर उभी करायला लावली. अध्यक्ष धोतराचा सोगा सावरत आत चालत आले तेव्हा आम्ही सगळे ऑफिसच्या खिडकीत गर्दी करून उभे होतो. अध्यक्ष ते विसरणार नाहीत हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं.

आणि खरं सांगते, कॉलेजचं रूप पालटलं. कल्याण-डोंबिवलीची पोरं स्टेशनवरून भाड्याच्या सायकली काढून येऊ लागली. मुली तीन-तीन जणी रस्ताभर पसरून गप्पा मारत सायकल चालवायच्या आणि त्यांच्यामागे कोणी हॉर्न वाजवत नसे. वर्गात शिकवणाऱ्याचा आवाज बाहेर बागेत ऐकू यायचा. मी स्वतः खोपटहून सायकलवर येत असे. माझे वडील, धोंडिबा, एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते आणि त्यांनी मला डेपोमागच्या मोकळ्या जागेत सायकल शिकवलेली. त्या वर्षी पहिल्यांदा मला नोकरीवर जाण्याचा आनंद झाला. असा आनंद टायपिस्टला सहसा होत नाही.

कोळीवाड्याचा टेम्पो मात्र कुंडलिक वॉचमनने गेटवर अडवला. कुंडलिक वाईट माणूस नव्हता, पण त्याची नोकरी कच्ची होती आणि सरांचा शब्द पक्का. दामाजी पाटील सरांना भेटायला आले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा पाजला आणि सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा. एक टेम्पो सोडला की उद्या अध्यक्षांची गाडी सोडावी लागेल, परवा स्कूटरी. जिवावरचा प्रसंग असेल तर कुंडलिक गाडी आत सोडेल. एरवी पायी जा, सायकलवर जा, नाहीतर मागून नाल्याच्या वाटेने टेम्पो न्या. नाल्याच्या वाटेला उधाणाचं पाणी भरतं, हे पाटलांनी सांगून पाहिलं. सर म्हणाले, त्यासाठी आपण महापालिकेला लिहू. त्यांनी लिहिलंही, मीच टाइप केलं. ती वाट तशीच राहिली.

बायका पुन्हा डोक्यावर टोपल्या घेऊन चालू लागल्या. टेम्पोची सवय झालेल्या माना, त्या दुखू लागल्या. बाजारात पोचायला उशीर व्हायचा, तोवर चांगली गिऱ्हाइकं दुसरीकडे वळलेली. अशीच एका दुपारी रिकामी टोपली घेऊन परतताना चंद्रभागामावशी गेटवर थांबली. मी सायकल घेऊन बाहेर पडत होते. बोर्डाकडे हनुवटी करून तिने विचारलं, “पोरी, यो फळा काय बोलतंय?”

मी वाचून दाखवलं.

“मंग मना सायकल शिकव,” ती म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करते आहे. पण रविवारी ती कॉलेजच्या मैदानावर हजर, नवरा नामाची गंजकी सायकल ढकलत. नामा खाडीत जाळं टाकायचा, त्याला सायकल लागायची ती ताडी प्यायला जाताना. मी सहावारी नेसून सायकल चालवणारी, माझा पदर तरी चेनमध्ये जायचा नाहीतर निऱ्या तरी. कोळणीचं लुगडं कासोट्याचं, गुडघ्यापर्यंत घट्ट आवळलेलं. चिखलात उतरायला नेसलेलं ते लुगडं सायकलला असं जुळलं की मला हेवा वाटला. तोलाचं तर विचारूच नका. जन्मभर भरली टोपली डोक्यावर घेऊन ओल्या बांधावरून चाललेली बाई, तिला तोल कोण शिकवणार? अडचण होती ती ब्रेकची. थांबायचं म्हणजे दोन्ही पाय खाली टेकायचे, एवढंच तिला मान्य होतं. पहिल्या रविवारी ती कँटीनच्या दुधाच्या कॅनांवर जाऊन थांबली.

टोपली मागे बांधायची हे तिला पटेना. ओझं डोक्यावर असलं की कळतं कुठे आहे ते, पाठीमागे असलेल्याचा भरवसा काय, असं तिचं म्हणणं. माझ्या वडिलांनी लोखंडी पट्ट्यांचा रुंद कॅरियर जोडून दिला तरी ती मधूनमधून एक हात मागे नेऊन टोपली चाचपायची आणि मी ओरडायचे. शिकली मात्र. दिवाळीच्या आत ती भरल्या टोपलीनिशी लहान गेटातून आत शिरून मोठ्या गेटातून बाहेर पडू लागली. कुंडलिक बोर्डाकडे बघायचा, तिच्याकडे बघायचा, आणि गेट उघडायचा.

तिला ते फार आवडलं. इतकं की कधीकधी टोपली नसतानाही ती लायब्ररीपर्यंत येऊन चक्कर मारून जायची आणि रस्ता मोकळा असला तरी घंटी वाजवायची. एकदा मला म्हणाली, लहानपणापासून मी याच वाटेने जाते, पण मान कधी वर केली नव्हती. टोपलीखाली मान वर करता येत नाही. या रस्त्यावर इतकी झाडं आहेत हे मला आता कळलं. एवढं बोलून ती लाजली आणि मासळीच्या भावावर गेली. मला ते बोलणं घरी जाईपर्यंत पुरलं.

गुप्ते सरांनी तिला पाहिलं आणि ते हरखून गेले. त्यांच्या नियमाला असं उदाहरण मिळेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. कॉलेजच्या वार्षिक अंकात तिचा फोटो छापला, कासोटा, टोपली आणि सायकल. स्नेहसंमेलनात तिला स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ दिलं. मुलांनी टाळ्यांचा कडकडाट केला. मावशी शाल पांघरून घरी गेली आणि तिच्या घरात आठ दिवस कौतुक चाललं.

नववा दिवस वेगळा उजाडला. दामाजी पाटील पुन्हा टेम्पोचं बोलायला सरांकडे आले होते. सर उत्साहात म्हणाले, “अहो पाटील, चंद्रभागाबाईंना जमतं ते बाकीच्यांना का जमू नये?” मी बाजूच्या खोलीत होते, मला स्पष्ट ऐकू आलं. पाटील तसेच उठले आणि सरळ मावशीच्या दारात गेले.

“चंद्रे, तुजी सायकल आमचे गल्यान बसली,” ते म्हणाले.

त्या दिवसापासून कोळीवाड्याने तिच्याशी बोलणं टाकलं. हळदीला बोलावणं नाही, बाजारात कोळणी अशा पसरून बसायच्या की तिला टोपली ठेवायला जागा उरू नये. तिची सख्खी जाऊ, जनी, सांध्यांनी अधू होती. ती सायकल कुठून चालवणार? ती टोपली घेऊन लंगडत निघायची आणि मावशी शेजारून सायकलवरून पुढे जायची. टोपली मला दे, असं मावशीने किती वेळा म्हणून पाहिलं, पण जनी तोंड फिरवायची. मी मावशीला सांगितलं, सायकल सोडून दे. ती म्हणाली, आता सोडली तरी ते बोलणार नाहीत, आणि मला सोडायची नाही. दुसरं कारण ती हळूच म्हणाली, पण मला वाटतं खरं कारण तेच होतं.

मी हे सगळं घरी सांगायचे. माझ्या वडिलांना सरांचा नियम मनापासून पटलेला, डेपोत दिवसभर डिझेलचा धूर गिळणारा माणूस तो. पण एकदा जेवता जेवता ते म्हणाले, “गेट चांगल्यासाठी बंद केलंय, कबूल. पण गेटाबाहेर कोण राहिलंय तेही बघावं माणसाने.” कोणता रस्ता कोणाला खुला, हा विषय आमच्या घरात नवा नव्हता. आजोबांच्या वेळी गावातल्या कोणत्या वाटेवर आम्हाला पाऊल टाकायची बंदी होती, ते त्यांना सगळं आठवत होतं.

मग मावशीची सासू, आवडाबाई, एका अंगाने लुळी पडली. जीभ जड झाली, तरी डोकं शाबूत होतं आणि त्यातला खवचटपणाही. दर आठवड्याला तिला उपचाराला न्यावं लागे. रिक्षा मोठ्या गेटाशी थांबायची, कारण दर आठवड्याचा उपचार हा जिवावरचा प्रसंग आहे की नाही हे कुंडलिक ठरवू शकत नव्हता. सरांच्या कानावर गेलं तेव्हा त्यांनी कँटीनची ढकलगाडी द्यायला सांगितली. गादी घालून नीट नेता येईल म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता. त्यांचा हेतू नेहमीच चांगला असायचा आणि मला त्याचाच राग येऊ लागला होता.

“ढकलगाडीवरशी मासली नेतान,” आवडाबाई म्हणाली. “मी माणूस हाय.”

म्हणून नामा आणि त्याचा भाऊ तिला लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची उचलून सबंध रस्ता न्यायचे. मावशी सायकल हातात धरून शेजारून चालायची. एका सकाळी रस्त्यावर झाडांचा फुलोरा पडून निसरडं झालं होतं. भावाचा पाय सरकला आणि आवडाबाई लायब्ररीसमोर डांबरावर आपटली, जिथे ती डोंबिवलीची मुलगी पडली होती त्याच्या जवळच. पोरं धावली, कोणी पाणी आणलं. आवडाबाईचं कोपर फुटलं होतं आणि ती रडत नव्हती, नुसती वर बघत होती. मावशीने सायकल टाकून दिली आणि तिचं डोकं मांडीवर घेतलं. तेवढ्यात जनी तिथून टोपली घेऊन चालली होती. ती थांबली आणि सगळ्यांसमोर मावशीला म्हणाली की तुझ्या शालीपायी ही इथे पडलीय. मावशीने वर पाहिलं नाही.

पाटलांनी महापालिकेत तक्रार केली. रस्ता जुन्या वहिवाटीचा आहे, कोळीवाड्याची वाहनं जाऊ द्या. तिथले एक साहेब पाहणीला येणार असं ठरलं. आदल्या दिवशी सरांनी मला मावशीकडे पाठवलं. साहेबांसमोर तिने भरली टोपली घेऊन या गेटपासून त्या गेटपर्यंत सायकल चालवून दाखवावी, एवढीच त्यांची विनंती होती. मी निरोप सांगितला आणि माझ्याच तोंडाची मला शिसारी आली. मावशी अंगणात कोलंबी सोलत होती. जाऊ नको, असं मी म्हणाले. ती म्हणाली, येते म्हणून सांग.

सकाळी लायब्ररीसमोर साहेब, गुप्ते सर, चार प्राध्यापक आणि समोर सगळा कोळीवाडा. मावशी लहान गेटातून सायकलवर आली. मागे भरली टोपली. माणसांनी वाट दिली, पण एकाही बाईने तिच्याकडे पाहिलं नाही. सरांचा चेहरा उजळला. ती साहेबांपाशी आली, दोन्ही पाय टेकून थांबली, टोपली सोडली आणि खाली ठेवली. मग मागे वळून नामाला हाक मारली. नामा आणि त्याचा भाऊ खुर्ची उचलून पुढे आले. खुर्चीत आवडाबाई, कोपराला फडकं बांधलेलं.

मावशीने सायकलचं हँडल सरांपुढे केलं. “सर, मासली हिच्यावर बसते, ती तुमी रोज बघताव. आता आमचे आयेला बसवून दाखवा.”

सरांनी नकळत हँडल धरलं होतं. त्यांनी रिकाम्या कॅरियरकडे पाहिलं, मग आवडाबाईकडे. तिने चांगला हात उचलला आणि वाकड्या तोंडाने म्हणाली, “बसव ना मना. मी तयार हाय.”

कोणीतरी हसलं असतं तर बरं झालं असतं. मग सरांनी सायकल स्टँडला लावली आणि साहेब काही बोलायच्या आधी स्वतःच कुंडलिकला सांगितलं की कोळीवाड्याची गाडी यापुढे अडवायची नाही. मला त्यांचा राग आला होता तो तिथे संपला. त्यांना पुढचं दिसत होतं आणि तरी त्यांनी सांगितलं, हे मी विसरणार नाही.

जनी पुढे आली आणि तिने मावशीची टोपली उचलून तिच्या डोक्यावर ठेवायला हात दिला. मावशी तिच्या गळ्यात पडून रडली. त्या दिवशी टेम्पो आत आला तेव्हा पोरांनी त्याच्यापुढे नारळ फोडला.

पुढच्या सोमवारी अध्यक्षांची ॲम्बॅसिडर आत आली. कोळ्यांचा टेम्पो चालतो तर माझी का नाही, असं त्यांनी विचारलं. मग ट्रस्टींच्या गाड्या, प्राध्यापकांच्या स्कूटरी, मुलांच्या मोटरसायकली. निळा बोर्ड रंगरंगोटीत काढला तो परत लागला नाही. सरांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. शेवटच्या दिवशी ते सायकल हातात धरून गेटापर्यंत चालत गेले, कारण दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या होत्या आणि मधून सायकल जाईना. ब्याण्णवपर्यंत मुलींच्या सायकली संपल्या. मीही बसने येऊ लागले.

मावशीने जास्त दिवस तग धरला. एकदा मागून आलेल्या गाडीने तिच्या कॅरियरला धक्का दिला. ती पडली, मासळी सांडली, मनगट सुजलं. गाडीतल्या मुलाने काच खाली करून, दिसत नाही का, असं विचारलं. त्यानंतर नामाने सायकल आढ्याला टांगली. आवडाबाई तोवर रिक्षाने जात-येत होती आणि पुढेही दोन वर्षं जगली. रिक्षात बसताना ती राणीसारखी चोहीकडे बघायची, असं कुंडलिक सांगायचा.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात ऑफिस सुटल्यावर मला मावशी लायब्ररीसमोर भेटली. त्या दिवशी टेम्पो बिघडला होता, म्हणून टोपली डोक्यावर. आम्ही बरोबर चालू लागलो. मी विचारलं, मावशी, पश्चात्ताप होतो का? टोपलीखाली तिला मान हलवता येत नव्हती म्हणून तिने हातानेच नाही म्हटलं.

“आयेसाठी केला. उद्या येल आली त परत करीन,” ती म्हणाली. थोडं चालून गेल्यावर पुन्हा बोलली, “पन मना सायकल लय आवडायची गो.”

मागून हॉर्न वाजला. मी चिडून वळले आणि रस्त्याच्या मधोमध तशीच उभी राहिले. हा रस्ता कोणाचा, हे त्या गाडीवाल्याला एकदा ऐकवावं असं मनात आलं. मावशी मात्र केव्हाच गटाराच्या कडेला उतरली होती, एक हात टोपलीला, मान खाली. दुसऱ्या हाताने तिने माझा पदर ओढला.

“सरक गो,” ती म्हणाली, “जाव दे त्यांना.”